माळकऱ्याचे शेवटचे कागद : कोणता कधी उघडतो?

मृत्युपत्र बहुतेक घरांत तेराव्यानंतरच कपाटातून बाहेर येतं. त्यात कधीकधी लिहिलेलं सापडतं : माझे डोळे दान करा, अंत्ययात्रेला टाळ-मृदंग असू द्या, दहाव्याला जेवणावळी घालू नका. तोवर डोळ्यांची मुदत केव्हाच टळलेली असते आणि जेवणाचं बिल केटररने मुलाच्या हातात ठेवलेलं असतं. इच्छा स्पष्ट होती, सही होती, साक्षीदारही होते. फक्त ती भलत्या कागदावर लिहिली होती.

वारकरी घरांत मरणाचं नाव काढायला कोणी बिचकत नाही. अंतकाळी मुखात नाम असावं, यावर आपण कीर्तनात तासन्‌तास ऐकतो. पण त्या अंतकाळाआधीच्या आठ-दहा दिवसांत आयसीयूच्या दारात सही कोण करणार, असं कोणी विचारलं की लगेच "माउलीच्या मनात असेल तसं होईल" म्हणून विषय मिटवला जातो. माउलीवर भार टाकायला हरकत नाही. मात्र प्रत्यक्षात तो भार मुलीवर, पुतण्यावर नाहीतर मठातल्या एखाद्या गुरुबंधूवर येऊन पडतो आणि त्याच्या हातात कागद नसेल तर त्याचं कोणी ऐकून घेत नाही.

सांप्रदायिक मंडळींची अडचण इतरांपेक्षा थोडी जास्तच आहे. आळंदीत, पंढरपुरात, देहूत मठात किंवा भाड्याच्या खोलीत राहणारी कितीतरी वयस्कर माणसं आहेत. त्यांचं रोजचं घर म्हणजे काकड्याला शेजारी बसणारी गुरुबहीण आणि संध्याकाळी हरिपाठाला टाळ धरणारा गुरुबंधू. कायद्याला हे घर दिसत नाही. त्याला दिसतो तो वारस, मग त्या वारसाची भेट होऊन दहा वर्षं उलटलेली का असेनात. आपल्या माणसांना अधिकार द्यायचा असेल तर तो शुद्धीत असताना आणि लेखी द्यावा लागतो.

कागद तीन, कारण वेळाही तीन. जीव आहे पण बोलता येत नाही, ती पहिली. श्वास थांबल्यानंतरचे काही तास, ती दुसरी. त्यानंतरचे महिने आणि वर्षं, ती तिसरी. पहिलीसाठी लिव्हिंग विल, म्हणजे आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद; दुसरीसाठी साधं इच्छांचं पत्र आणि तिसरीसाठी मृत्युपत्र. एकाचं काम दुसरा करत नाही.

जीव आहे, वाचा नाही

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून जास्त काळ, अंथरुणावर होत्या. त्यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने, बरं होण्याची आशा नसलेल्या माणसाला कृत्रिमरीत्या जगवत ठेवणारे उपचार थांबवता येतील का, या प्रश्नाचं दार पहिल्यांदा किलकिलं केलं. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि लिव्हिंग विललाही मान्यता दिली. तेव्हा घालून दिलेली पद्धत मात्र इतकी किचकट होती की तिच्या वाटेला फारसं कोणी गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली.

आज ती अशी आहे. सज्ञान आणि शुद्धीत असलेली व्यक्ती हा कागद लिहिते आणि दोन साक्षीदारांसमोर सही करते. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत. मग तो नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करून घ्यायचा. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, ती अट गेली. आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा आपल्या वतीने डॉक्टरांशी कोण बोलेल, त्यांची नावं त्यात लिहायची. एकापेक्षा जास्त नावं चालतात. मार्गदर्शक तत्त्वांत 'पालक किंवा जवळचा नातेवाईक' असे शब्द आहेत. म्हणून माझं मत असं की नुसत्या गुरुबंधूचं नाव घालून थांबू नये. एक रक्ताचं माणूस आणि एक सांप्रदायिक माणूस अशी जोडी ठेवावी. दोघांना एकमेकांचा फोन नंबर माहीत असावा आणि त्यांची एकदा तरी समोरासमोर भेट झालेली असावी. आयसीयूच्या बाहेर पहिल्यांदा ओळख करून घेणाऱ्या माणसांचं लवकर जमत नाही.

प्रती या नावं दिलेल्या व्यक्तींकडे आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यायच्या. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडेही द्यायची असते. महाराष्ट्रात असे अभिरक्षक, म्हणजे हे कागद सांभाळणारे अधिकारी, नेमलेले आहेत. आपल्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत चौकशी करावी. काउंटरवरच्या माणसाला याची कल्पना नसेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

हा कागद दाखवला की डॉक्टर लगेच नळ्या काढतात, असं कोणी समजू नये. आजार असाध्य आहे, लांबलेल्या उपचारांनी सुधारणा होण्याची आशा नाही आणि रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, असं असेल तरच तो लागू होतो. आधी रुग्णालयातलं डॉक्टरांचं मंडळ तपासतं : उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. नंतर दुसरं मंडळ तपासतं आणि त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावं, अशी अपेक्षा आहे. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून मगच उपचार थांबतात. म्हणजे घरातल्या एखाद्या उतावळ्या माणसाने मनात आणलं म्हणून काही होत नाही. विष देऊन किंवा इंजेक्शन देऊन मरण आणणं आपल्या देशात गुन्हाच आहे. लिव्हिंग विलचा त्याच्याशी काही संबंध नाही.

इथे नेहमी एक शंका निघते. हे आत्महत्येसारखं पाप नाही का? विनोबांचं उदाहरण लोकांना आठवतं. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारच्या आश्रमात त्यांनी अन्न आणि औषध नाकारून देह ठेवला. ते पूर्ण शुद्धीत होते, आपला निर्णय स्वतःच्या तोंडाने सांगत होते. लिव्हिंग विल लिहिणाऱ्याने तसं काही ठरवलेलं नसतं. आजाराला त्याच्या वाटेने जाऊ द्या, मध्ये यंत्र घालून ते लांबवू नका, एवढंच तो सांगतो. तरीही मनाला पटत नसेल तर उलटंही लिहिता येतं : शक्य ते सगळे उपचार करा. तीही इच्छाच आहे आणि ती लिहिलेली असली तर मुलांच्या मनावरचं ओझं तेवढंच हलकं होतं.

मजकूर वकिली भाषेत लागत नाही. साधारण असा चालेल : "मी बरा होण्याची आशा नाही आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नाही असं डॉक्टरांच्या मंडळाने ठरवल्यास मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये; ठेवलं असल्यास काढावं. हृदय थांबल्यास छाती दाबून ते पुन्हा सुरू करू नये. वेदना आणि धाप कमी करणारी औषधं मात्र शेवटपर्यंत द्यावीत." नळीने अन्न देण्याबद्दल वेगळं वाक्य लिहा, कारण घरांत भांडणं बहुतेक तिथेच होतात. "आईला उपाशी ठेवलं" हा शब्द आयुष्यभर टोचतो. आईने स्वतः लिहून ठेवलं असेल तर तो कोणाला ऐकावा लागत नाही.

त्याच कागदाला जोडून एक पानभर आपल्या भक्तीच्या गोष्टी लिहाव्यात. याला कायद्याचं बळ नाही, पण नर्स आणि डॉक्टर साधारणपणे ऐकतात, विशेषतः मागणं नेमकं असेल तर. "देवाचं काहीतरी लावा" असं लिहून उपयोग नाही. "कानाशी हळू आवाजात नाम लावावं, इतर रुग्णांना त्रास होईल असं नको" असं लिहा. गळ्यातली तुळशीची माळ रुग्णालयात तपासणीआधी किंवा शस्त्रक्रियेआधी काढतात. ती पाकिटात घालून कोणाकडे द्यावी आणि पुन्हा केव्हा घालावी, ते लिहा. तीर्थाबद्दल तर आवर्जून लिहावं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात चमचाभर गंगाजल ओतलं की ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला गिळता येत नसतं आणि खोकून बाहेरही काढता येत नाही. शेवटच्या क्षणांत जीव घुसमटतो तो असा, आपल्याच प्रेमाच्या माणसाच्या हातून. म्हणून वाक्य ठेवा : "तीर्थ कापसाने ओठांना लावावं, तोंडात ओतू नये. तुळशीचं पान ओठांवर ठेवावं."

पहिले काही तास

या वेळेसाठी लागतो तो कागद सगळ्यात साधा. नोटरी नको, साक्षीदार नकोत. एक पान, तारीख, सही, आणि ते कुठे आहे हे घरातल्या निदान दोघांना माहीत असणं.

घरी मृत्यू झाला तर पहिल्यांदा डॉक्टर लागतो. मृत्यूच्या कारणाचा त्याचा दाखला नसेल तर स्मशानात अडतं आणि नोंदणीलाही अडतं. म्हणून पत्राच्या सुरुवातीलाच नेहमीच्या डॉक्टरांचं नाव आणि नंबर लिहा, चालू औषधांची यादीही जोडा. ज्या डॉक्टरने माणसाला कधी पाहिलेलंच नाही तो दाखला द्यायला कचरतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही.

नेत्रदानाला साधारण ६ तास मिळतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचे किंवा चष्मा असलेल्यांचे डोळेही बहुधा चालतात. घरच्यांनी एवढंच करायचं : पापण्या मिटायच्या, वरचा पंखा बंद करायचा, डोळ्यांवर ओल्या कापसाची घडी ठेवायची, डोक्याखाली उशी द्यायची आणि नेत्रपेढीला फोन करायचा. त्यांची माणसं घरी येतात. काम आटोपलं की चेहरा पहिल्यासारखाच दिसतो. तोवर भजन चालू ठेवायला काही अडचण नाही.

देहदानाचा मामला जास्त अवघड आहे आणि लोक तिथेच गाफील राहतात. वैद्यकीय महाविद्यालयाचा अर्ज भरला, कार्ड मिळालं, की झालं असं त्यांना वाटतं. मृत्यूनंतर देह सोपवायचा तो नातेवाइकांनी. त्यांनी नको म्हटलं तर कार्ड घेऊन कोणी दारात भांडत बसत नाही. शवविच्छेदन झालेला देह शिकण्यासाठी घेत नाहीत, काही संसर्गजन्य आजार असल्यासही घेत नाहीत. अवयव काढलेला देह सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान केलेला मात्र चालतो. त्यामुळे पत्रात दुसरी इच्छाही लिहावी : देहदान जमलं नाही तर काय करायचं. आणि जो मुलगा नको म्हणेल असं वाटतं, त्याच्याशीच आधी बोलावं. जो आधीपासून राजी आहे त्याला समजावण्यात अर्थ नाही.

अग्नी कोणी द्यायचा, यावर कायद्याची काही आडकाठी नाही. मुलगी देऊ शकते, पत्नी देऊ शकते, मठातला गुरुबंधूही देऊ शकतो. आडकाठी असते ती चौकात जमलेल्यांची. "अग्नी माझ्या मुलीने द्यावा" असं आपल्या अक्षरात लिहिलेलं असेल आणि कोणी ते वाचून दाखवलं, तर चौकातला आवाज बराच खाली येतो. याच पत्रात अंत्ययात्रेत कोणत्या फडाचे (वारकऱ्यांच्या परंपरागत गटाचे) टाळकरी बोलवायचे, बुक्का आणि गोपीचंदन कोण लावणार, दशक्रियेला प्रवचन ठेवायचं का आणि कोणाचं, अस्थी इंद्रायणीत की चंद्रभागेत की शेतातल्या झाडाच्या बुडाशी, हे सगळं येऊ द्या. खर्चाचा आकडा घालायला लाजू नका. "दहाव्याच्या खर्चासाठी अमुक खात्यात पैसे आहेत, त्याहून जास्त खर्च करू नये" ही ओळ नसल्यामुळे कर्ज काढून दहावे घातलेली घरं आपल्या सगळ्यांच्या पाहण्यात आहेत.

मालमत्तेचा कागद

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्राला फार थोडं लागतं : करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि किमान दोन साक्षीदार. करणाऱ्याने सही केल्याचं त्यांनी पाहिलेलं असावं किंवा ती आपली असल्याचं त्याने त्यांना स्वतः सांगितलेलं असावं, आणि साक्षीदारांनी त्याच्यासमोर आपली सही करावी. स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणीही सक्तीची नाही, पण मी म्हणेन करून घ्या. हरवलं-फाटलं तर सरकारी दप्तरात नक्कल राहते. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. तब्येत नाजूक असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

मृत्युपत्र केलं नाही तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ आपोआप लागू होतो. पुरुषाच्या बाबतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे हिस्से. वडिलोपार्जित मालमत्तेत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिचे वडील त्या दिवशी हयात नसले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मृत्युपत्राने देता येतो तो फक्त आपला हिस्सा. सगळी जमीन देवाला लिहून देण्याआधी आपली किती, हे बघावं लागतं.

स्त्रियांच्या बाबतीत कायदा वेगळा आहे आणि मठात राहणाऱ्या माउलींना याची कल्पना नसते. पती नाही, मूलबाळ नाही आणि मृत्युपत्रही नाही, अशा बाईने स्वतः कमावलेली मालमत्ता आधी पतीच्या वारसांकडे जाते. आई-वडिलांचा नंबर त्यानंतर, भावंडांचा त्याहून मागे. माहेरून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. आता विचार करा : एखादी विधवा बाई तीस वर्षं स्वयंपाकघरात राबून चार पैसे गाठीला बांधते, आळंदीत एक खोली घेते, आजारपणात सेवा करते ती गुरुबहीण. खोली जाते दिराच्या मुलांकडे. दोन साक्षीदारांची एक बैठक तिने घेतली असती तर हे टळलं असतं. माझ्या मते फडावर मृत्युपत्राचा विषय काढायचाच तर सुरुवात बायकांपासून करावी.

संस्थेला द्यायचं असेल तर भावनेपेक्षा तपशील महत्त्वाचा. "माझी मिळकत धर्मकार्याला" अशा वाक्याने काय होतं, याचा निकाल मुंबईतल्याच एका प्रकरणात १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने, दिला : नुसतं 'धर्म' म्हणणं इतकं मोघम आहे की ती देणगी टिकत नाही. "विठ्ठलाच्या चरणी" हेही भक्ताच्या मनात स्पष्ट असतं, पण पंढरपुरात विठ्ठलाच्या नावाने चालणारे मठ, धर्मशाळा आणि अन्नछत्रं किती आहेत ते आठवा. विश्वस्त संस्थेचं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि देणगीचा उपयोग लिहा. ती संस्था उद्या बंद पडली तर कोणाला, हेही लिहा. शेतजमीन संस्थेला किंवा बिगरशेतकऱ्याला द्यायची तर कूळकायद्याची अट आडवी येते. तिथे वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आणि एक जरा कडू गोष्ट. महाराजांना किंवा मठाला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र महाराजांच्या ओळखीच्या वकिलाकडून, मठाच्या खोलीत, मठाचेच दोन साक्षीदार घेऊन करू नये. ज्याला लाभ होणार त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला की न्यायालय त्याकडे संशयाने पाहतं. तो संशय दूर करण्याची जबाबदारी मग मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर पडते. भुरळ घालून किंवा मागे लागून करवून घेतलेलं मृत्युपत्र रद्दच होतं. महाराज निर्लोभी असतील तर ते स्वतःच सांगतील की बाबा, हे काम बाहेर जाऊन कर. तसं सांगत नसतील तर थोडं थांबलेलं बरं.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज घट्ट बसला आहे. बँकेचा किंवा विम्याचा नॉमिनी सर्वसाधारणपणे पैसे हातात घेणारा असतो. ते वाटायचे वारसांना किंवा मृत्युपत्राप्रमाणे. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, तेव्हा पासबुक काढून एकदा कोणाचं नाव आहे ते पाहा. अनेकांच्या खात्यावर अजून लग्नाआधीचं नाव असतं.

वारीत काही झालं तर

दिंडीत चालताना कोणी गेलं तर मृत्यूची नोंद ते जिथे गेले त्या गावी होते, आपल्या गावी नव्हे. चालत्या गाडीत झाला तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबते तिथली नोंद धरतात. नोंदीची मुदत २१ दिवस आहे. त्या गडबडीत देह घेऊन लोक परततात, मग दाखल्यासाठी पुन्हा तिथवर खेपा घालत बसतात. विणेकऱ्याने किंवा दिंडीप्रमुखाने एक जाणता माणूस मागे ठेवून तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करूनच निघावं. अपघात झाला किंवा मृत्यूचं कारण कळत नसलं तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन टळत नाही. त्यावर हुज्जत घालण्यात वेळ जातो, बाकी काही होत नाही.

निघताना पडशीत प्लॅस्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी असू द्या : नाव, गाव, दिंडी क्रमांक, दोन फोन नंबर, आजार आणि औषधं, रक्तगट, आणि लिव्हिंग विल केलं असेल तर त्याची मूळ प्रत कोणाकडे आहे. मूळ कागद वारीत नेऊ नका, पावसात भिजतात. मृत्युपत्राचा तर उल्लेखही चिठ्ठीत नको; ती चिठ्ठी अनोळखी माणसं वाचणार आहेत.

मृत्युपत्र आणि लिव्हिंग विल दोन्ही शुद्धीत असेपर्यंत बदलता येतात. नवीन मृत्युपत्र केलं की त्यात "याआधीची सगळी मृत्युपत्रं रद्द" हे वाक्य आणि तारीख घाला. लिव्हिंग विल बदललं तर ज्यांच्याकडे जुन्या प्रती आहेत त्या सगळ्यांकडून त्या परत मागवा, नगरपालिकेतल्या अधिकाऱ्यालाही लेखी कळवा. इच्छांचं पत्र दर कार्तिकीला एकदा उघडून वाचलं तरी पुरे. त्यातला निदान एखादा फोन नंबर तरी तोवर बदललेला असतोच.